झिप बसवला, तरी मुख्य प्रोसेसरवर ताण का?

प्रश्न : नाशिकमध्ये बसून आमची टीम एका ग्राहकाचा मेनफ्रेम (आयबीएमचा मोठा संगणक) सांभाळते. जावा ॲप्लिकेशन जेडीबीसीमार्फत (जावाला डेटाबेसशी जोडणारी सोय) डीबी२ या डेटाबेसला विनंत्या पाठवतं. झिप प्रोसेसर (ठरावीक प्रकारचं कामच घेणारा जादा प्रोसेसर) बसवूनही जनरल प्रोसेसरचा वापर फारसा उतरला नाही. ग्राहकाला दुसरा झिप सुचवावा का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. आधी आरएमएफ या मोजमाप साधनाचा वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्ट काढा आणि डीडीएफच्या (डीबी२चा बाहेरून आलेल्या विनंत्या हाताळणारा भाग) सर्व्हिस क्लासमध्ये, म्हणजे त्या कामाच्या गटात, ‘ॲपल टक्के’ (प्रोसेसरचा वापर) याखालचे तीन आकडे पाहा : सीपी, आयआयपीसीपी, आयआयपी. सीपी म्हणजे जनरल प्रोसेसरवर झालेलं काम. आयआयपी म्हणजे झिपवर झालेलं काम. आयआयपीसीपी म्हणजे झिपला चाललं असतं, पण जनरल प्रोसेसरवर झालं, असं काम. सीपीच्या आकड्यात ते धरलेलंच असतं. हा मधला आकडा मोठा असेल तर झिप खरोखर अपुरा पडतोय. तो शून्याच्या आसपास आणि सीपी भरपूर असेल, तर उरलेलं काम झिपला पात्रच नाही. मग दुसरा झिप नुसता बसून राहील.

पात्र काय, हे डीबी२ ठरवतो. टीसीपी/आयपी नेटवर्कवरून डीआरडीए (दूरच्या डेटाबेसशी बोलण्याची पद्धत) वापरून आलेली विनंती डीडीएफ घेतो, तिच्यासाठी एन्क्लेव्ह (त्या कामाचा वेगळा हिशेब ठेवणारा कप्पा) उघडतो आणि काम एसआरबी या हलक्या प्रकारच्या कामाच्या रूपात चालवतो. झिपला हेच चालतं, तेही साधारण ६० टक्केच. ही वाटणी एकेका विनंतीच्या आत होत नाही : पाचांपैकी तिघी पूर्ण पात्र, दोघी अजिबात नाहीत. म्हणून तीच क्वेरी दोनदा चालवली तर झिपचा वेळ एकदा भरपूर, एकदा शून्य दिसू शकतो. एका रनवरून निष्कर्ष काढू नका. दिवसभराच्या गर्दीच्या वेळेची बेरीज घ्या.

जावातून कोबोल भाषेतली एक्स्टर्नल स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमार्फत बोलावला जाणारा, पण बाहेर चालणारा प्रोग्राम) बोलावत असाल, तर बहुधा दुखणं तिथेच आहे. ती डब्ल्यूएलएमच्या (कामांचा प्राधान्यक्रम सांभाळणारा भाग) वेगळ्या ॲड्रेस स्पेसमध्ये, म्हणजे मेमरीच्या स्वतंत्र भागात, टीसीबी या नेहमीच्या प्रकारच्या कामाखाली चालते, झिपला पात्र नाही. तेच लॉजिक नेटिव्ह एसक्यूएल प्रोसीजरमध्ये (डीबी२च्या आतच चालणारी) लिहिलं आणि डीडीएफमधून बोलावलं की पात्र ठरतं. सर्वांत जास्त बोलावल्या जाणाऱ्या दोन-तीन प्रोसीजरपासून सुरुवात करा.

आयआयपीसीपी कमी दिसावा म्हणून ‘आयआयपी ऑनर प्रायॉरिटी’ (झिप भरल्यावर जनरल प्रोसेसरने मदत करावी का, हे ठरवणारी सेटिंग) मात्र ‘नो’ करू नका. तसं केलं तर झिप भरला की जनरल प्रोसेसर मदतीला येत नाही, विनंत्या रांगेत थांबतात आणि रिस्पॉन्स टाइम बिघडतो. डब्ल्यूएलएममध्ये डीडीएफचे क्लासिफिकेशन रूलही (कोणतं काम कोणत्या सर्व्हिस क्लासमध्ये, हे ठरवणारे नियम) तपासा. रूल नसेल तर एन्क्लेव्ह ‘सिसअदर’ या उरल्यासुरल्या कामांच्या क्लासमध्ये जातो आणि सगळ्यांत शेवटी प्रोसेसर मिळतो.