कामावरून काढलेले मूल आपोआप शाळेत रुळते का?

आपण विचारले आहे की, गोव्यात फोंड्याजवळच्या एका बांधकामावर बारा वर्षांचा मुलगा सिमेंट कालवताना दिसतो, शाळेच्या पटावर त्याचे नाव आहे, तर त्याचे काम बंद केले की शिक्षण आपोआप सुरळीत होईल का. डिचोली तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केलेल्या माझ्यासारखीचे उत्तर असे की, होत नाही. काम सुटले तरी त्या कामाने केलेली हानी मुलाबरोबर वर्गात येते.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि कातडी खाते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या पेरांना अशा भेगा पडल्या होत्या की पेन्सिल घट्ट धरली की रक्त येई. त्याची वही कोरी का राहते, हे त्याचे हात पाहिल्यावरच कळत असे. चिरेखाणीवर चिरे कापणाऱ्या यंत्राजवळ वाढलेल्या मुलांच्या कानांची मला अधिक काळजी वाटते. सततच्या मोठ्या आवाजाने आधी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात, श्रुतलेखन चुकत राहते आणि कान तपासण्याऐवजी मुलालाच ‘ढ’ ठरवले जाते.

त्यात हंगामाची भर पडते. पावसाळ्यात चिरेखाणींत पाणी साचते, तेव्हा उत्तर कर्नाटकातून आलेली कित्येक कुटुंबे पेरणीसाठी गावी जातात आणि दसरा-दिवाळीनंतर परततात. म्हणजे पहिले सत्र इथे बुडते आणि दुसरे तिथे. घरी कन्नड बोलणारे हे मूल मग मराठी किंवा कोकणी वर्गात मध्येच येऊन बसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण, या दोन्ही गोष्टी मिळायला हव्यात. माझ्या पाहण्यात प्रवेश मिळतो, प्रशिक्षण मात्र राहून जाते, आणि अक्षरओळख नसलेला मुलगा सहावीच्या बाकावर मुकाट बसून राहतो.

ठेकेदार आपल्याला सांगेल की, पोर आईबापांना मदत करते. बालमजुरीविरोधी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत ठेवली आहे, जी मला मुळातच अन्यायकारक वाटते. पण ठेकेदाराचे बांधकाम हा त्या मजुरांचा घरचा व्यवसाय नव्हे. चौदा वर्षांखालील मुलाला तिथे राबवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या वेळी आईवडिलांना शिक्षा होत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा, कारण त्या भीतीनेच ती माणसे मुलाला घेऊन रातोरात दुसऱ्या साइटवर जातात.

1098 या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर कळवाच. त्याबरोबर मुख्याध्यापकांना भेटून विशेष प्रशिक्षणाची लेखी मागणी करा आणि मुलाचे हात व कान आरोग्य केंद्रात तपासून घ्या. उद्या कुटुंब हलले, तर शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच्या आईला सांगून ठेवा.