घरचं सोयाबीन बियाणं विकायचंय? आधी हे वाच

भाऊ, घाबरू नकोस. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001, कलम 39 तुझ्याच बाजूने आहे. स्वतःच्या शेतात पिकवलेलं बियाणं, मग वाण संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली कुणाच्या नावावर नोंदवलेलं, का असेना, तू राखू शकतोस, पेरू शकतोस, वाटू किंवा विकूही शकतोस. फक्त 'ब्रँडेड' नको, म्हणजे पिशवीवर संरक्षित वाणाचं लेबल लावून नाही. गावातल्या एका पोराने छापील पिशव्या करून आणल्या होत्या, वाणाचं नाव ठळक. मी त्याला हात जोडून थांबवलं. आणि दुसऱ्यांचा माल गोळा करून विकायला लागलास की तू विक्रेता झालास. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना काढ.

विकण्याआधी उगवण बघच. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव, पाणी शिंपडत राहा. पाच-सहा दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोज. सत्तरच्या खाली भरले तर ते बियाणं म्हणून देऊ नकोस, समोरच्याचा अख्खा हंगाम त्यावर असतो. पोती आपटू नकोस, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं.

विकत घेताना पक्कं बिल घे, त्यावर लॉट नंबर हवाच. पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेव.