महदाइसा, महदाईसा की महदंबा: खरे नाव कोणते?

महदाइसा, महदाईसा आणि महदंबा यांतले शुद्ध कोणते, असे आपण विचारले आहे. तिन्ही नावे तेराव्या शतकातल्या एकाच महानुभाव पंथीय कवयित्रीची, ‘धवळे’ म्हणजे लग्नगीते रचणाऱ्या आद्य मराठी कवयित्रीची आहेत. ‘आइसा’ हे आदराचे पद असून लीळाचरित्र या चक्रधरस्वामींच्या चरित्रग्रंथातल्या आबाइसा, उमाइसा यांच्या नावांतही ते दिसते. ‘अंबा’ त्याचेच संस्कृत वळणाचे रूप म्हणता येईल.

इ आणि ई यांतला फरक मात्र बहुधा पोथीची नक्कल उतरवणाऱ्याच्या हातचा. नागपुरात महाल भागातल्या एका घरी मी पाहिलेल्या पोथीत एकाच पानावर वर ‘हिराइसा’ आणि चार ओळी खाली ‘हीराइसा’ असे होते, आणि शाईही तीच, अक्षरही तेच. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलाच जात नसे, त्यामुळे मोडी कागदावरच्या ‘जीजाबाई’ला कोणी चूक म्हटले की मला वाईट वाटते. मुक्ताई-मुक्ताबाई हा भेद वेगळा, कारण तिथे उच्चारच बदलतो.

लेखात आज ‘महदाइसा’ लिहावे, पण पोथीतला उतारा देताना तिथले रूप जसेच्या तसे ठेवावे.