घर-दार : वाचकांचे प्रश्न
पश्चिमेची खिडकी आणि पावसाची झड

प्रश्न : वेंगुर्ल्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं घर बांधतोय. पश्चिमेला चार बाय चार फुटांच्या तीन खिडक्या आहेत. फॅब्रिकेटर स्लायडिंग घ्या म्हणतो, आम्हाला केसमेंट, म्हणजे बिजागरीसारखी उघडणारी, हवी आहे. झडपा आत उघडाव्यात की बाहेर? यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकची) बरी की अ‍ॅल्युमिनियम?

उत्तर : पश्चिमेला केसमेंटच घ्या, तीही बाहेर उघडणारी. स्लायडिंगच्या झडपांना कडेने ब्रशची पट्टी असते. आषाढातल्या झडीत वारा तिच्यातून पाणी आत ढकलतो, आणि ट्रॅकमधली पाणी जायची भोकं वाळूने बुजलेली असली की ते थेट लादीवर उतरतं. केसमेंटची झडप चारही बाजूंनी रबरी गॅस्केटवर दाबून बसते. ती बाहेर उघडणारी असेल तर बाहेरचा वारा तिला चौकटीवर आणखी आवळतो. आत उघडणारीला तोच वारा गॅस्केटपासून सोडवायला बघतो.

चार फुटांत दोन झडपा करा, पण मधे पक्की उभी दांडी ठेवा. दांडीशिवाय दोन झडपा एकमेकींवर मिटतात ती खिडकी उघडल्यावर छान दिसते, गळते मात्र नेमकी त्या मधल्या सांध्यातून. प्रत्येक झडपेचं लॉक वर आणि खाली अशा किमान दोन ठिकाणी बसलं पाहिजे. गज आणि मच्छरजाळी आतून येणार, तेव्हा हँडल फिरवायला हात जाईल एवढी जागा आधीच मोजून ठेवा; हे बहुतेकांना खिडकी बसल्यावर आठवतं.

यूपीव्हीसी की अ‍ॅल्युमिनियम, यावर लोक फार वेळ घालवतात. दोन्ही चालतील. यूपीव्हीसीच्या पोटातलं लोखंडी चॅनेल गॅल्व्हनाइज्ड हवं, अ‍ॅल्युमिनियमवर पावडर कोटिंग निदान 60 मायक्रॉनचं हवं. खाऱ्या हवेत आधी मरतात ते फ्रिक्शन स्टे (झडप चौकटीला धरून उघडी ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि स्क्रू. स्टे 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे मागा, दोन फुटी झडपेला किमान 12 इंची. लोहचुंबक लावून खात्री करायला जाऊ नका, साधं 304 ग्रेडचं स्टील आणि 316 यांतला फरक त्याला कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू मारला की त्याच्याभोवती पांढरी भुकटी फुलते आणि भोक मोठं होत जातं.

काच टफन्ड (तापवून कडक केलेली) घेतलीत तर माप आधी पक्कं करा, नंतर ती कापता येत नाही. निसर्ग (2020) आणि तौक्ते (2021) यांच्यासारखी वादळं धरून चालायचं तर पश्चिमेला लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पापुद्रा चिकटवलेली) काच बरी. ती फुटली तरी चौकटीत धरून राहते. टफन्डचा चुरा होऊन खिडकी उघडी पडते.

प्रश्न : रत्नागिरीतल्या आमच्या यूपीव्हीसी केसमेंटची झडप हँडलच्या बाजूने लोंबली आहे, खालचा कोपरा घासतो. शिवाय झडप घट्ट बंद असूनही खिडकीखालची भिंत ओलावते. खिडकी बदलावी का?

उत्तर : बदलू नका. काचेभोवतीच्या पट्ट्या काढून आतलं प्लॅस्टिकचं पॅकिंग बघा. ते बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आणि हँडलच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात, असं तिरपं हवं. मग काचच झडपेला तिरका टेकू देते. बसवणाऱ्याने चारही बाजूंना सारखं पॅकिंग घातलं की झडप स्वतःच्या वजनाने खाली येते. झडप जागेवर उचलून त्या दोन कोपऱ्यांत पॅकिंग ठोका, पट्ट्या परत लावा.

ओल वेगळ्या कारणाने येते. चिरा सच्छिद्र असतो, चौकट आणि भिंत यांच्यातली फट नुसत्या सिमेंटने भरली तर तिथे केसाएवढी भेग पडतेच, कारण यूपीव्हीसी उन्हाने लांबते आणि आखडते. सिमेंट खरवडून फटीत फोमची दोरी घाला, वर न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन चिऱ्यावर धरत नाही. खिडकीखालचा कडाप्पा बाहेर उतरता आहे ना, भिंतीच्या पुढे दीड-दोन इंच आला आहे ना, आणि त्याच्या पोटाला खाच आहे ना, तेही बघा. खाच नसेल तर पाणी कडाप्प्याच्या खालून वळून भिंतीत शिरतं.

प्रश्न : मालवणच्या जुन्या घरातल्या सागवानी झडपा पावसात फुगून बसत नाहीत. सुतार रंधा मारायला तयार आहे.

उत्तर : आत्ता नको. जुलैत तासलेली झडप मार्चमध्ये बोटभर फट दाखवते. लाकूड वाळलं की शिमग्यानंतर तपासा, तेव्हा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोकळीक नसेल तरच तासा. तासलेली कड आणि विशेषतः झडपेच्या वरच्या-खालच्या टोकांना जवसाचं तेल पाजा. पाणी टोकांतूनच जास्त शोषलं जातं. बिजागऱ्या पितळी असतील तर स्क्रूही पितळीच घाला.