जुनं थ्री फेज सीएनसी मिलिंग मशीन सिंगल फेजवर चालवता येईल का?

येईल, पण अख्खं मशीन एकाच व्हीएफडीमागे (मोटरला बदलत्या फ्रिक्वेन्सीची थ्री फेज देणारा ड्राइव्ह) जोडू नका. व्हीएफडी फक्त स्पिंडल मोटरला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरला. आधी नेमप्लेट वाचा. डेल्टा 230, स्टार 400 (मोटरच्या वाइंडिंगच्या दोन जोडण्या आणि त्यांचे व्होल्ट) असं लिहिलं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्या बदलून डेल्टा जोडणी करा, कारण 230 व्होल्ट इनपुटचा साधा व्हीएफडी त्याहून जास्त व्होल्टेज देत नाही. तो खास सिंगल फेज इनपुटचा नसेल तर मोटरच्या साधारण दुप्पट क्षमतेचा घ्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मधला जुना कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) काढा. मोटर फिरत असताना तो सुटला तर ड्राइव्ह उडू शकतो. एम03, एम04 (स्पिंडल सुलट-उलट फिरवायच्या सीएनसी कमांड) चे रिले थेट व्हीएफडीच्या फॉरवर्ड-रिव्हर्स टर्मिनलला न्या.

कूलंट पंप सरळ सिंगल फेजचा बसवा, त्यात डोकं घालू नका.

खरी कटकट सर्व्होची, म्हणजे अक्ष हलवणाऱ्या मोटर-ड्राइव्हची. त्यांचा सप्लाय थ्री फेज ट्रान्सफॉर्मरवरून येत असेल तर मी रोटरी फेज कन्व्हर्टरच (फिरत्या मोटरने सिंगल फेजपासून थ्री फेज बनवणारं यंत्र) घेईन, 400 व्होल्ट हवे असल्यास सोबत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. मात्र कंट्रोलच्या ट्रान्सफॉर्मरला कन्व्हर्टरने तयार केलेली तिसरी फेज देऊ नका, तिचं व्होल्टेज लोडप्रमाणे हलतं.