शिमग्यापर्यंत थांबलात तर तक्रार गेली

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली साडेतीन पानं स्मार्ट होम हब, म्हणजे घरातली उपकरणं फोनवरून चालवणारं यंत्र, पूर्वी किती छान चालायचा आणि आता आपण कसे फसवले गेलो याबद्दल आहेत. कामाचं वाक्य अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत: “आत्ता रजा नाही, शिमग्याला गावी आलो की रत्नागिरीला जाऊन ग्राहक आयोगात तक्रार टाकीन. कंपनीचा शेवटचा नकार जून २०२५चा आहे, म्हणजे जून २०२७पर्यंत वेळ आहे ना?”

नाही. बाकी सगळं नंतर.

हकिगत थोडक्यात सांगतो, कारण वेगवेगळ्या यंत्रांबद्दल असंच विचारणारी पत्रं हल्ली सारखी येतात. वाचक नोकरीनिमित्त डोंबिवलीत, घर आणि सुपारीचं आगर गुहागरला. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी स्मार्ट होम हब, बावीस स्विच, दोन कॅमेरे आणि आगरातल्या पंपाचा कंट्रोलर असं ६४ हजारांचं सामान ऑनलाइन मागवलं. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी कंपनीचा मेल आला: ३१ डिसेंबरनंतर या मॉडेलला सॉफ्टवेअर सपोर्ट मिळणार नाही, नवा हब सवलतीत घ्या. मेल जाहिरातींच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात जाऊन पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीला घर उघडलं, ॲप काही उघडेना, तेव्हा शोधाशोध करून तो सापडला. त्यानंतर नऊ महिने कस्टमर केअरशी पत्रव्यवहार.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं तो दिवस कुठला, एवढाच तुमच्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. तुम्ही शेवटच्या नकाराची तारीख धरलीत. अशी तारीख धरता आली असती तर दर दोन वर्षांनी एक पत्र टाकून कुणीही मुदत अमर केली असती. मुदत एकदा चालू झाली की पत्रं, स्मरणपत्रं, तिकीट नंबर, ‘आम्ही तपासून कळवतो’ यांनी ती थांबत नाही. शिमगा गेला, कवित्व राहिलं, तसा तुमचा तो नऊ महिन्यांचा पत्रव्यवहार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या गाऱ्हाण्यानंही मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनंही नाही, आणि ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस सक्तीची नाहीच. तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस देऊन वाट बघत बसू नका.

कंपनी म्हणेल, कारण घडलं १२ नोव्हेंबर २०२३ला, मेल गेला त्या दिवशी. तुमच्या बाजूनं ३१ डिसेंबर २०२३ म्हणता येईल, कारण सपोर्ट प्रत्यक्षात त्या दिवशी संपला. कळलं तो दिवस धरा असा युक्तिवाद करून सप्टेंबर २०२४ही सांगता येईल. दोन्ही युक्तिवाद वाईट नाहीत, पण ते अडचणीत वापरायचे. मुदत मोजताना नेहमी सामनेवाल्याला सोयीची तारीख धरायची, म्हणजे शेवटचा दिवस १२ नोव्हेंबर २०२५. पत्र हाती आलं तेव्हा दसरा होऊन गेला होता. पाच आठवडे उरलेत, त्यात दिवाळीच्या सुट्ट्या. शिमगा मार्चात.

‘कंपनीनं मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर?’ असंही विचारलंत. तिनं काढायची गरज नाही. मुदत आयोगानं स्वतःहून तपासायची असते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगून ठेवलं आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, कलम ६९ मध्येच सोय आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. मेल प्रमोशन्समध्ये गेला हे कारण मी तरी शपथपत्रावर लिहिणार नाही.

रत्नागिरीला जाण्याचीही गरज नाही. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ठाणं चालेल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून रात्री जेवण झाल्यावर घरबसल्या दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तरीही तुम्ही रजेची वाट बघत होतात, याचं मला खरंच नवल वाटतं.

आता तक्रारीत काय लिहायचं. विलायतेत २९ एप्रिल २०२४पासून अशा जोडलेल्या उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाला आधी जाहीर करावं लागतं. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा हब १५ मे २०१६ला सर्व्हर बंद करून निकामी केला, तेव्हा बोभाटा झाल्यावर ग्राहकांना पैसे परत मिळाले. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण अमुक वर्षं सॉफ्टवेअर द्याच असं सांगणारं कलम नाही. म्हणून तुमची सगळी भिस्त खोक्यावर छापलेल्या ‘आजीवन मोफत अपडेट’ या तीन शब्दांवर. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? कंपनी म्हणेल, उत्पादनाचं, आणि ते किती हे आम्ही ठरवणार. संदिग्ध शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व तुमच्या बाजूनं आहे. आयोग वीस महिन्यांना आजीवन मानणार नाही असं मला वाटतं, खात्री देत नाही. एक वर्षाची वॉरंटी संपली हे त्यांचं उत्तर मात्र इथं गैरलागू आहे. तुमची तक्रार बिघाडाची नाही, दिलेलं वचन मोडल्याची आहे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढे दोनच मुद्दे घ्या.

आणि इथं एक खड्डा आहे. ॲप उघडताना न वाचता टिक केलेल्या अटींत ‘सेवा केव्हाही बंद करू’ असं असणारच. ती अट अन्यायकारक आहे म्हणून रद्द करा, अशी मागणी करण्याचा मोह होईल. करू नका. ‘अनुचित करारा’ची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. चुकीच्या दारात अर्ज पडला आणि परत आला, तर १२ नोव्हेंबर मध्येच उलटून जाईल. त्याच अटींत लवादाचं कलम असेल तर त्याला घाबरू नका. त्यानं ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरून गेलं आहे.

मे महिन्यात दोन खोल्या पर्यटकांना देता, आणि कॅमेरे बंद म्हणून यंदा दिल्या नाहीत, त्याचं भाडंही मागू का, असं विचारलंत. भाड्याचा उल्लेख आला की कंपनी लगेच म्हणणार, हा व्यापारी वापर, हा ग्राहकच नाही. स्वयंरोजगारानं पोट भरणाऱ्याला कायद्यानं सूट दिली आहे, पण तुमचं पोट डोंबिवलीतल्या पगारावर चालतं. भाडं सोडा. आगराचं शिंपणं बंद पडून झाडं वाळली, त्याचं मागता येईल, पण गड्यानं पंप हातानं का चालू केला नाही याचं उत्तर तयार ठेवा.

नवा हब न घेताही जुने स्विच चालवता येतील, हे पुतण्या म्हणतोय ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर असावं. स्विच झिगबी या बिनतारी पद्धतीचे आहेत, ते मेलेले नाहीत, एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर टाकून झिगबीचा डोंगल लावला तर त्यातले बरेच चालतील. मात्र एकेक स्विच रीसेट करून नव्यानं जोडावा लागतो, आणि कंपनीच्या नव्या हबलाही तेच करावं लागलं असतं. त्या मजुरीचं वायरमनकडून लेखी कोटेशन घ्या, तोच तुमच्या नुकसानीचा भक्कम आकडा. पण हे काम तक्रार दाखल झाल्यावर, आणि आधी जुन्या हबचा आणि न उघडणाऱ्या ॲपचा व्हिडिओ काढून. जुना हब देऊन सवलतीत नवा घ्यायचा हा कंपनीचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवा. हब गेला की पुरावा गेला.

निकाल कधी लागेल हे विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची झाली तर पाच. कंपनीला लेखी म्हणणं द्यायला मात्र ३० आणि जास्तीत जास्त १५ असे ४५च दिवस मिळतात, त्यापुढे आयोगालाही वाढवता येत नाहीत. त्या एका तारखेवर लक्ष ठेवा, बाकीच्या तारखा पडतील तशा पडतील.

मेलचा स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका. मूळ मेल इनबॉक्समध्ये जपा, छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसला, तरी सामनेवाल्याच्या वकिलाला बोलायला जागा कशाला ठेवायची? बिलाची ऑनलाइन प्रत मिळते हे तुमचं नशीब. २०२१च्या पुरानंतर चिपळूणहून माझ्याकडे आलेल्या कित्येकांची बिलं चिखलात गेलेली होती.

राहिला खोका. माळ्यावर आहे म्हणता, त्यात कंदिलाच्या काचा भरल्यात म्हणता. शेजाऱ्याला आजच फोन करून तो उतरवायला सांगा आणि सहाही बाजूंचे फोटो मागवा. ‘आजीवन’ हा शब्द त्याच्यावर आहे, आणि हब परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ताही त्याच्यावरच छापलेला असतो. तो सापडला नाही तर सामनेवाला म्हणून कुणाचं नाव घालायचं, इथपासून सुरुवात.