वाचकांचे प्रश्न : मॉडेल आकृती पाहतं की नुसता मजकूर वाचतं?

प्रश्न : आम्ही डिचोलीतले हायस्कूलचे गणित शिक्षक. दहावीच्या भूमितीची ६०० उदाहरणं आकृत्यांसकट देऊन एक छोटं एआय मॉडेल शिकवलं. बाजूला काढलेल्या १०० उदाहरणांत ८० बरोबर आली, पण गोवा बोर्डाच्या धर्तीवर नवी प्रश्नपत्रिका दिली की गडबडतं. चुकतंय कुठे?

उत्तर : ती १०० उदाहरणं बहुधा पुरती वेगळी नाहीत. पुस्तकात एकाच आकृतीवर आकडे बदलून चार-पाच उदाहरणं असतात. सरसकट वाटणी केली की त्यातली तीन शिकवायला जातात आणि एक तपासायला. आधी आकृतीच्या घडणीनुसार गट पाडा आणि अख्खा गट एकाच बाजूला ठेवा. गुण घसरतील, पण तेच खरे. शिवाय १०० उदाहरणांवर ८० टक्के म्हणजे सात-आठ टक्के इकडेतिकडे निव्वळ योगायोगानेही होतात. ७७ चे ८० झाले तर सुधारणा धरू नका.

मग आकृती पाहिली जाते का ते तपासा. वर्तुळकेंद्र म. बाहेरच्या प बिंदूतून पअ आणि पब या स्पर्शिका, कोन अपब ५० अंश. क हा वर्तुळावरचा बिंदू, तर कोन अकब किती? कोन अमब १३० अंश, इथवर बहुतेक मॉडेलं पोचतात. पुढे क विशालकंसावर असेल तर ६५, लघुकंसावर असेल तर ११५. कंस कोणता हे मजकुरात लिहू नका, आकृतीतच दाखवा, आणि त्याच मजकुरासोबत दोन्ही आकृत्या आळीपाळीने द्या. दोन्ही वेळा ६५ आलं तर मॉडेल सवयीने उत्तर देतंय. अशा तीसेक जोड्या करा आणि जोडीतली दोन्ही उत्तरं बरोबर असतील तरच गुण द्या. २०२४ च्या मॅथव्हर्स या चाचणीसंचात हेच तत्त्व आहे : प्रत्येक उदाहरणाची सहा रूपं, ज्यांत मजकुरातली माहिती टप्प्याटप्प्याने आकृतीत नेलेली.

चुकलेली उत्तरं तीन ढिगांत टाका : वाचन, प्रमेयाची निवड, आकडेमोड. वाचन वेगळं काढायला सोडवण्याआधी 'आकृतीत काय दिलंय तेवढं लिही' असं सांगा. लहान, अस्पष्ट चित्रात १ आणि ९ यांची गल्लत होते आणि पुढचं सगळं तर्कशुद्ध असूनही उत्तर चुकतं. त्यावर उपाय अक्षरं मोठी करण्याचा, उदाहरणं वाढवण्याचा नव्हे.

प्रश्न : असं मॉडेल शिकवायला संगणकाकडून हजारो उदाहरणं बनवून घेतली तर चालतील का? (फोंडा)

उत्तर : चालतील, आणि उत्तम चालतील. गूगल डीपमाइंडचं अल्फाजिऑमेट्री हे भूमिती सोडवणारं एआय माणसांनी लिहिलेल्या सिद्धतांशिवाय, सुमारे १० कोटी कृत्रिम उदाहरणांवर शिकलं. त्यांतल्या सुमारे ९० लाखांत जादा रचना करावी लागते, म्हणजे आकृतीत नसलेला बिंदू किंवा रेषा वाढवावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या निकालात त्याने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड स्पर्धेतली ३० पैकी २५ उदाहरणं सोडवली. तिथे भाषामॉडेल फक्त रचना सुचवतं. त्यातून निष्कर्ष काढतो नियमांवर चालणारा वेगळा प्रोग्रॅम. लहान प्रमाणावरही हीच वाटणी ठेवा.

उदाहरण बनवताना बिंदूंचे सहनिर्देशक यादृच्छिक घ्या. एखादा कोन १५ अंशांहून लहान झाला किंवा दोन बिंदू एकमेकांना चिकटले तर ती आकृती टाकून द्या, कारण अक्षरं एकमेकांवर चढतात. साध्य (जे सिद्ध करायचं ते) खरं आहे का हे पक्षात (दिलेल्या माहितीत) बसणाऱ्या निदान दहा वेगवेगळ्या आकृत्यांवर मोजून पाहा. एकाच आकृतीत दोन बाजू योगायोगाने समान निघतात आणि खोटं प्रमेय संचात शिरतं. तपासणीतून पार पडलं तरी ती सिद्धता नव्हे, फक्त गाळणी.

सिद्धता तपासताना प्रत्येक ओळीपुढे कारण मागा. 'आकृतीत काटकोन दिसतो' हे कारण आलं तर त्या ओळीला शून्य. ही खोड मोडायला निम्म्या आकृत्या मुद्दाम प्रमाणात नसलेल्या काढा. मात्र बिंदू कोणत्या कंसावर आणि रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, ते बदलू देऊ नका, नाहीतर उदाहरणच बदलतं.